प्रश्नामागचा माणूस

मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने तो काढला, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. त्याच वर्षी देशाच्या कारभारात आणखी एक गोष्ट घडली. तिची आठवण मात्र कुणी काढत नाही. मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदे कौन्सिलातल्या सभासदाला उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली. १८९२च्या कायद्याने प्रश्न विचारता येत होता. पण सरकारने उत्तर वाचून दाखवले की विषय मिटला. उत्तर अर्धवट असो की उडवाउडवीचे, सभासदाने मुकाट्याने खाली बसायचे. १९०९पासून मूळ प्रश्न विचारणाऱ्याला पुन्हा उठता येऊ लागले, आणि १९१९च्या कायद्याने हा हक्क सगळ्याच सभासदांना मिळाला.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही सरकारी तिजोरीवर काढला आहे. फराळाच्या ताटाशेजारी अर्थसंकल्प कशाला, असे आमच्यातल्याच काहींनी विचारले. लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वह्या पुजणाऱ्या समाजाला ही शंका येऊ नये. घरच्या वहीत दोनशे रुपयांचा मेळ लागला नाही तर आपण रात्री जागतो. राज्याच्या वहीचा मेळ कुणी कुणाला विचारायचा, हे घटनेने ठरवून दिलेले आहे: लोकप्रतिनिधीने अर्थमंत्र्याला, सभागृहात, सर्वांसमक्ष.

हे विचारणे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. आपल्या विधानमंडळातल्या तारांकित प्रश्नाचा साचा पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग (१) अमुक तालुक्यातल्या पाणीयोजनेचा निधी रखडला आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही ठरलेले. (१) हे अंशतः खरे आहे. (२) कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही. इथवर सगळे छापील असते. खरी परीक्षा उपप्रश्नाला होते. आमदार उभा राहतो, अधिकाऱ्यांच्या दालनातून मंत्र्यांकडे चिठ्ठी सरकते, मंत्री चष्मा सावरून ती वाचतात. चिठ्ठीत आकडा असेल तर उत्तर मिळते. नसेल तर ‘माहिती घेऊन सभागृहाला कळवण्यात येईल’.

त्यात अर्थमंत्र्याचे दुखणे वेगळे. शाळाखोल्या, रस्ते, शिष्यवृत्त्या, ठेकेदारांची थकलेली बिले, कुठल्याही खात्याच्या मंत्र्याला विचारा, शेवटी बोट एकाच दिशेला जाते: प्रस्ताव वित्त विभागाकडे आहे. म्हणून अर्थमंत्र्याला प्रश्न विचारणे म्हणजे सगळ्या खात्यांना एकदम विचारणे असते. आणि त्याच्याकडे पळवाटाही सर्वांत जास्त. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे दोन शब्द खोटे ठरवता येत नाहीत, आणि त्यांतून काही कळतही नाही.

या पळवाटा बंद कशा होतात? आमचे उत्तर असे की, प्रश्नकर्त्याला अर्धे उत्तर आधीच ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक करून देणारा माणूस बहुधा सभागृहाबाहेर बसलेला असतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे मार्च १९०२चे अर्थसंकल्पावरचे भाषण आपण अभिमानाने सांगतो. सरकारच्या तिजोरीत सात कोटींची शिल्लक. वित्त सदस्य सर एडवर्ड लॉ यांचे कौन्सिलात अभिनंदन चाललेले. गोखल्यांनी अभिनंदनात सूर मिसळायला नकार दिला. दुष्काळाने आणि प्लेगाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होतो, म्हणून ही शिल्लक दिसते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. मत द्यायचा अधिकार त्यांना नव्हता, फक्त बोलायचा होता. तरी मिठावरचा कर ज्यांनी कमी करायला सांगितला त्यांत ते अग्रभागी होते, आणि १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. या आकड्यांच्या तयारीत गोखल्यांचा एक मोठा आधार होता तो रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचा. सोलापूरकडचे हे मुख्याध्यापक सरकारी अहवाल पानापानाने वाचत, जमाखर्चाची वर्षानुवर्षांची कोष्टके मांडत. कलकत्त्याच्या कौन्सिलात उभे राहिले गोखले. त्यांच्या पाठीशी सोलापूरचा एक शिक्षक होता.

प्रश्नामागे दुसऱ्या जातीची माणसेही असू शकतात. १९५१ साली हंगामी संसदेचे सभासद एच. जी. मुद्गल यांच्यावर ठपका आला तो याच कारणाने: मुंबईच्या सराफ बाजारातल्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन त्यांच्या सोयीचे प्रश्न विचारले. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला, समितीने दोषी धरले, मुद्गलांना जावे लागले. २००५ साली तर पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्या अकरा खासदारांना एका झटक्यात घरी पाठवण्यात आले. पाठीशी मास्तर आहे की सराफ, यावर प्रश्नाची जात ठरते.

मुद्गलांच्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. सहा वर्षांनी ते अर्थमंत्री झाले होते आणि उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर आली. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९५६च्या सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. वर्ष उलटायच्या आत, जून १९५७मध्ये, या महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेही नव्हते. लोकसभेत प्रश्न आला तेव्हा पहिली उत्तरे गुळमुळीत होती. पण प्रश्नकर्ते होते फिरोज गांधी. सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. शेअर कधी घेतले, कोणत्या भावाने घेतले आणि बाजारात त्या वेळी भाव काय होता, याचा हिशेब मांडून त्यांनी १६ डिसेंबर १९५७ रोजी सभागृहासमोर ठेवला. विमेदाराच्या पैशाने बाजारभावापेक्षा चढ्या दराने खरेदी कशासाठी, याला सरकारकडे धड उत्तर नव्हते.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग बसला. सुनावणी मुंबईत, जाहीर. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याभरात अहवाल आला. सचिवाने केले, मला ठाऊक नव्हते, ही सबब मंत्र्याला चालणार नाही, खात्याच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असे छागलांनी नोंदवले. फेब्रुवारी १९५८मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री स्वपक्षाच्याच खासदाराच्या प्रश्नाने गेला.

अलीकडचे एक उदाहरण. राजकीय पक्षांना देणगी देण्याच्या निवडणूक रोखे योजनेबद्दल निवडणूक आयोगाने काही आक्षेप कळवले होते का, असा प्रश्न डिसेंबर २०१८मध्ये राज्यसभेत आला. असे आक्षेप सरकारला मिळालेले नाहीत, असे अर्थ राज्यमंत्र्यांचे लेखी उत्तर होते. पुढे माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांतून दिसले की आयोगाने मे २०१७मध्येच विधी मंत्रालयाला आपली हरकत लिहून कळवली होती. योजना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये घटनाबाह्य ठरवली, ती वेगळ्या कारणांवर. पण चुकीचे उत्तर उघडे पाडले ते सभागृहाने नव्हे. कागद मागणाऱ्या नागरिकांनी आणि ते वाचणाऱ्या पत्रकारांनी.

सभागृहे स्वतः आपले हत्यार बोथट करतात, हेही सांगितले पाहिजे. २०२०च्या सप्टेंबरात करोनाचे कारण देऊन संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. मार्च २०२३मध्ये सुमारे पंचेचाळीस लाख कोटींचा केंद्रीय अर्थसंकल्प लोकसभेत गदारोळात, चर्चेविना संमत झाला. दोष एकट्या सरकारचा नाही. हौद्यात उतरून घोषणा देणाऱ्या विरोधकांनी ज्या तासाचा बळी दिला, तो तास त्यांचाच होता. फलक फडकावला की वृत्तवाहिनीवर दिसता येते. पुरवणी मागण्यांचे पुस्तक चाळत रात्र काढली तर दिसता येत नाही. ज्याला आपण टाळ्या वाजवतो, तेच लोकप्रतिनिधी करतात.

म्हणून वाचकांकडे एक मागणे. विधानमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर प्रश्नोत्तरांच्या याद्या पडून असतात. या सुट्टीत आपल्या आमदाराचे, खासदाराचे नाव त्यांत शोधा. त्याने वर्षभरात पैशाबद्दल काय विचारले आणि अर्थमंत्र्यांनी काय उत्तर दिले, ते वाचा. आपल्या गावच्या योजनेला किती मंजूर झाले, किती आले, किती खर्च झाले, हे तीन आकडे तुम्हाला त्यांच्यापेक्षा चांगले ठाऊक असतात. ते एका कागदावर लिहा, शासन निर्णयाची प्रत जोडा आणि पुढच्या अधिवेशनाआधी त्यांच्या हातात द्या. रावबहादूर जोशी याहून वेगळे काही करत नव्हते.

विशेष विभागातला कुठला आकडा चुकीचा वाटला तर जरूर कळवा. आम्ही ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर देणार नाही.