भट्टीमागचं दुसरं गाव

परवा सिव्हिक सेंटरला गुपचूपच्या गाडीपाशी कॉलेजची पोरं म्हणत होती, ‘आपल्या भिलाईला इतिहास कुठाय? सगळं रशियनांनी कागदावर आखून दिलेलं!’ मंडळी, हे मला साफ अमान्य आहे. आपल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्टीचा इतिहास तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनमधल्या झापोरिझियाला सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात तिथला पोलाद कारखाना जर्मनांच्या हाती गेला आणि १९४३ मध्ये माघार घेताना त्यांनी त्याची राखरांगोळी केली. त्या ढिगाऱ्यातून कारखाना पुन्हा उभा करणाऱ्या बांधकाम संस्थेचे प्रमुख होते वेनियामिन दिमशित्स. १९४७ मध्ये तिथे पुन्हा लोखंड वितळू लागलं. हेच दिमशित्स १९५७ मध्ये मुख्य अभियंता म्हणून भिलाईत आले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी आपल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. ढिगारे उपसून कारखाना उभारलेल्या माणसाचा अनुभव दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात कामी आला. (तो मुलूखही मोकळा नव्हता बरं का; गावं उठली, तेव्हा कारखान्याच्या वसाहतीचे सेक्टर बसले.) मैत्रीबागेत वाघ बघायला सगळेच जातात, पण नावातली ही मैत्री सोव्हिएत संघाशी, म्हणजे युक्रेनशीही होती, हे पोरांना कोण सांगणार? २०२२ पासून झापोरिझियावर पुन्हा क्षेपणास्त्रं पडताहेत आणि मारा करणारा देश रशियाच आहे. म्हणून सरसकट ‘रशियन’ म्हणणं आता तरी थांबवा आणि भिलाईच्या प्रत्येक शाळेत झापोरिझिया नावानिशी शिकवा, याच वर्षापासून.