भिंतीतली ओल कोणाच्या खात्यावर?

पावसाळा सरत आला की शिरूर-दौंडच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये एक वाद हमखास सुरू होतो. कोपऱ्यात काळी बुरशी चढलेली, कपाटामागे रंगाचे पोपडे, गाद्यांना कुबट वास. भाडेकरू म्हणतो, स्लॅब गळतोय. घरमालक म्हणतो, तुम्ही खिडकी उघडत नाही आणि कपडे आतच वाळवता. खोली सोडताना हे भांडण डिपॉझिटवर येते आणि ज्याच्या हातात पैसे, त्याचेच म्हणणे खरे ठरते. हा न्याय नव्हे.

खरे तर हा अवर्षणाचा पट्टा. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे इथल्या बांधकामाला पावसाचा धाकच नाही. जोत्यात ओल अडवणारा थर नाही, स्लॅबवर नीट उताराचा कोबा नाही, बाहेरच्या भिंती बिनप्लास्टरच्या. पण कमी पाऊसही थोडक्या दिवसांत कोसळला की पुरे होतो. २०२५च्या मेअखेरीस दौंड, बारामती, इंदापूर भागात झालेल्या अतिवृष्टीने ते दाखवून दिले.

त्यात गेल्या काही दशकांत रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे खोल्यांना मागणी वाढली. कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूरकडे ओळीने बांधलेल्या खोल्या पाहाव्यात. दहा बाय दहाची जागा, एक दार, एक खिडकी आणि तीही बोळात उघडणारी, मोरी आतच. भाडे परवडावे म्हणून चार-पाच जण मिळून राहतात. रात्रपाळी करून आलेला दिवसा खिडकी लावून झोपतो. त्याच वेळी बाकीच्यांचा स्वयंपाक, आंघोळी चालू असतात आणि दोरीवर ओले कपडे टांगलेले असतात. वाफेला बाहेर जायला वाटच नाही. ती गार भिंतीवर बसते आणि तिथे बुरशी धरते.

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. यातले पुष्कळजण शेतकरीच आहेत. जमिनीचा तुकडा एमआयडीसीत गेल्यावर उरलेल्या जागेत कर्ज काढून त्यांनी खोल्या बांधल्या. बोलणे दोघांचे होते, राहायला सहा जण येतात. भाडेकरू चार महिन्यांत नोकरी बदलून निघून जातो आणि नळ गळत होता हे मालकाला खोली रिकामी झाल्यावर कळते. वेळेवर सांगितले असते तर शंभर रुपयांत भागले असते, आता भिंत खरवडावी लागते. ही तक्रार खोटी नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम १४ नुसार घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकाचे काम आहे, करारात वेगळे ठरले नसेल तर. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. अडचण अशी की आज बहुतेक व्यवहार अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर होतात आणि त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. कलम १४चा आधार त्याला सरळ मिळत नाही. मग उरतो करार. आणि करारात दुरुस्तीचा मजकूर बहुधा एका ओळीचा असतो किंवा नसतोच.

केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्याने मात्र कामांची सरळ वाटणी सुचवली आहे. मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाण्याचे पाइप मालकाकडे. नळाचे वॉशर, गटाराची सफाई, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. आपल्या राज्यात तो लागू नसला तरी ही वाटणी करारात लिहून घ्यायला कोणाची आडकाठी नाही.

बुरशीचा दोष राहणाऱ्यांच्या सवयींवर टाकणे किती महागात पडते, हे इंग्लंडने पाहिले आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२०मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक दगावला. घरातल्या बुरशीमुळे त्याचा श्वसनविकार बळावला होता, असे २०२२मध्ये मृत्यूच्या चौकशीत निष्पन्न झाले. घर देणाऱ्या संस्थेने कुटुंबाच्या राहणीला दोष दिला होता, ती चूक तिला नंतर मान्य करावी लागली. आता तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची दहा कामकाजी दिवसांत पाहणी करावीच लागते.

आपल्याकडे कोर्टकचेरीच्या आधी भिंतीलाच विचारता येते. पावसानंतर छतावर वाढत जाणारे डाग स्लॅबचे. जमिनीपासून वर चढणारा पांढरा लोणा जोत्याचा. कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे ठिपके दिसले तर बहुधा आतल्या वाफेचे. शंका असेल तर भिंत पुसून कोरडी करावी, तिच्यावर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटवावा आणि दोन दिवसांनी काढून पाहावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली. हे दोघांनी मिळून केले तर निम्मे भांडण तिथेच मिटते.

यातून आमचे मत असे. छतातून, जोत्यातून, पाइपातून येणारी ओल निःसंशय मालकाची. आतल्या वाफेची ओल भाडेकरूची, पण घराला हवा खेळेल अशी खिडकी किंवा मोरीला झरोका असेल तरच. ज्या खोलीला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही, तिथल्या बुरशीचा दंड राहणाऱ्याकडून वसूल करता येणार नाही. उलट ओल दिसूनही महिनोन्महिने गप्प बसणाऱ्या भाडेकरूने वाढलेल्या नुकसानीचा वाटा उचलला पाहिजे. बुरशीवर नुसता रंग मारणे हा मात्र कोणाच्याच हिताचा उपाय नाही. ओलीचे मूळ बंद केल्याशिवाय ती पुन्हा येणारच.

म्हणून घरमालकांनी खोली देताना भिंतींचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्यावेत, दुरुस्तीची वाटणी करारात लिहावी आणि करार नोंदवावा. १९९९च्या कायद्याखाली नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे विसरू नये. भाडेकरूंनी पहिला डाग दिसताच तारखेसह लेखी कळवावे, व्हॉट्सअॅपवर का होईना. आणि एमआयडीसीलगतच्या ग्रामपंचायतींनी नव्या खोल्यांची घरपट्टी लावताना त्यांना खिडकी आहे की नाही, एवढे तरी पाहावे.