रत्नागिरीच्या रानात दुर्बिणीची रायफल: एका उसन्या परंपरेचा समाचार

१/ शिकारीच्या रायफलीवर कोणती दुर्बीण बसवावी, हा प्रश्न अलीकडे इतिहासप्रेमी तरुणांच्या गटांतही विचारला जातो. त्यामागोमाग एक पुस्तीही येते: कोकणी माणूस मुळचा शिकारी, इंग्रजांनी त्याची बंदूक हिरावली, आता आपण ती परंपरा पुन्हा उभी करायची. या धाग्यात त्या विधानाचा प्रतिवाद करायचा आहे. त्यातील एक भाग खरा आहे, दुसरा कल्पित आहे आणि तिसरा माणसाच्या जिवावर बेतणारा आहे.

२/ खऱ्या भागापासून आरंभ करू. १८५७ च्या उठावाबरोबरच निःशस्त्रीकरणाचा कायदा आला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्र कायद्याने त्याला कायमचे रूप मिळाले. नियमांतून युरोपियनांना सूट, रयतेला परवान्याची सक्ती. कुर्गच्या कोडवांना जमात म्हणून सवलत मिळाली. रत्नागिरीच्या शेतकऱ्याला ती नव्हती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो याच विषमतेच्या रोषातून.

३/ रत्नागिरीच्या बाबतीत हा अपमान अधिक बोचरा होता. मुंबई लष्करातील मराठा आणि महार शिपायांची मोठी भरती याच पट्ट्यातून होई. दापोलीला ‘कॅम्प’ हे नाव लष्करी छावणीमुळेच पडले आणि निवृत्त शिपाई तिथे स्थायिक झाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरतीच बंद करण्यात आली. ज्या जिल्ह्याच्या खांद्यावर साम्राज्याने बंदूक दिली, त्याच जिल्ह्याला स्वतःच्या शेतासाठी ती परवान्याने मागावी लागली. हा रोष न्याय्य आहे, आणि तो विसरू नये.

४/ आता पुढचा प्रश्न, जो परंपरावादी मित्र विचारतच नाहीत. परवान्याने मिळालेली ती बंदूक कोणती होती? बहुधा ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, गजाने ठासायचे, घोड्याखाली टोपी बसवायची. एक बार उडाला की पुन्हा हा सारा खटाटोप. पल्ला तीस-चाळीस पावलांचा. पारधीत हाकारे रान उठवीत आणि बंदूकवाला वाटेवर दबा धरून बसे. जनावर जवळ येईपर्यंत थांबणे, हेच त्या शिकारीचे मुख्य कौशल्य होते. तिच्यात दुर्बिणीला जागाच नव्हती.

५/ स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही ही गोष्ट स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ वाचा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी त्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती अपुरी ठरते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. ‘गुळगुळीत’ या विशेषणावर आपल्या चर्चेचा सारा भार आहे.

६/ कारण असे. रायफलीच्या नळीत आतून पेचदार आटे असतात. ते गोळीला स्वतःभोवती फिरवतात, म्हणून ती दूरवर सरळ जाते. गुळगुळीत नळीत आटे नसतात. छरे बाहेर पडताच पसरू लागतात. दुर्बीण लांबचे लक्ष्य जवळ दाखवते, परंतु नळीचा पल्ला वाढवत नाही. छऱ्याच्या बंदुकीवर मोठ्या शक्तीची दुर्बीण चढवणे म्हणजे बैलगाडीला विमानाचा वेगमापक बसवणे होय. शोभा वाढेल, गाडी तीच राहील.

७/ मग ही दुर्बीण आली कुठून? बंदुकीवरील व्यवहारोपयोगी दुर्बिणी १८३० आणि १८४० च्या दशकांत अमेरिकेत घडू लागल्या. या इतिहासाला मुंबई इलाख्याचाही एक धागा आहे. मुंबई लष्करात नोकरी केलेल्या कर्नल डेव्हिडसन यांच्या नावाची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीवर बसवून अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी वापरली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी जर्मन लष्कराने शिकाऱ्यांकडील दुर्बिणीच्या रायफली गोळा करून खंदकांत धाडल्या. ज्या साधनाला आज कोणी ‘आपला वारसा’ म्हणतो, त्याची वंशावळ अशी आहे.

८/ साहेबाच्या शिकारीचे तरी काय? जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल मिळालेली रिग्बी रायफल उघड्या माशीचीच होती. जनावराच्या खुणा वाचत, तासन्‌तास चालत, जवळ जाऊन बार टाकणे ही त्यांची रीत. तेव्हा साहेबाची नक्कल करायची म्हटली, तरीही दुर्बीण तिच्यात बसत नाही.

९/ आता रत्नागिरीच्या भूगोलाकडे वळू. उघडे सडे सोडले तर इथे काजूची दाटी, करवंदीच्या जाळ्या, पऱ्ह्यांच्या काठची गर्द झाडी. रानडुक्कर दिसते तेव्हा ते बहुधा हाकेच्या आतच असते. नऊपट मोठे दाखवणाऱ्या सर्वसाधारण दुर्बिणीतून शंभर मीटरवर जेमतेम चार-साडेचार मीटर रुंदीचा देखावा दिसतो. तेच अंतर वीस मीटरवर आले की देखावा उरतो एका मीटरहूनही कमी. जनावराचे तोंड दिसले तर पाठ दिसत नाही आणि त्याच्या मागे काय आहे हे तर मुळीच दिसत नाही.

१०/ अंधाराचे गणित याहून कठोर आहे. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास तिच्या वर्धनशक्तीने भागला की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. चाळीस मिलिमीटरचे भिंग आणि नऊपट वर्धन म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते. म्हणजे वर्धन वाढवावे तसा देखावा काळवंडतो. जाहिरातीतील मोठा आकडा रात्रीच्या रानात वैरी ठरतो.

११/ आता जिवावर बेतणारा भाग. डुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या कोकणात आपण सर्वांनी वाचल्या आहेत. जाळीत खसखस होते, काळा ठिपका हलतो आणि बोट चापावर जाते. बंदुकीवरची दुर्बीण या चुकीला आमंत्रणच देते. कारण तिच्यातून ‘ते काय आहे’ हे पाहायचे, तर भरलेली नळी आधी त्याच्यावर रोखावी लागते. ओळख पटण्याआधी नळी रोखायची नाही, हा नेमबाजीचा पहिला धडा आहे. पाहण्यासाठी गळ्यातली दुर्बीण असते. ज्याला हा भेद कळत नाही, त्याने कोणत्याच नळीला हात लावू नये.

१२/ एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला टाळता येणार नाही. दुर्बिणीमुळे नेम अचूक बसतो, जनावर तडफडत नाही, म्हणून तीच अधिक दयाळू नव्हे काय? जर्मनीच्या किंवा ऑस्ट्रियाच्या रानात हे खरे आहे. तिथे परीक्षा देऊन परवाना मिळतो, उंच मचाणावरून शंभर मीटरवरचे जनावर निरखले जाते आणि हातात आट्यांची रायफल असते. ही सारी व्यवस्था मागे ठेवून तिचे केवळ भिंग आणायचे आणि दयाही त्याबरोबर येईल असे मानायचे, ही आत्मवंचना आहे.

१३/ शिवाय कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने प्रारंभी परवान्याची शिकार ठेवली होती. तिच्यातही रात्रीच्या शिकारीला मनाई होती आणि कृत्रिम प्रकाशाला विशेष परवानगी लागे. १९९१ च्या दुरुस्तीने तो परवानाच संपला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. हौसेच्या शिकारीला आज कायद्यात स्थान नाही. ‘कोणती दुर्बीण?’ या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एका शब्दाचे आहे: कोणतीही नाही.

१४/ “मग शेतकऱ्याने काय करावे?” असे विचारले जाईल, आणि विचारलेच पाहिजे. एका रात्रीत डुकरांचा कळप भाताचे खाचर लोळवून जातो. माकडे नारळ-केळी राहू देत नाहीत. त्यासाठी कलम ११ आहे: उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झाल्यास विशिष्ट जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. ती परवानगी वेळेत मिळावी, नुकसानभरपाई पुरेशी असावी, कुंपणाला साहाय्य मिळावे, यासाठी भांडावे. शहरातून गाडीने येऊन प्रखर विजेरीच्या झोतात बार उडवणाऱ्याने शेतकऱ्याच्या दुःखाची ढाल करू नये. शेतकऱ्याला पीक हवे असते. याला छायाचित्र हवे असते.

१५/ १८७८ च्या कायद्याविरुद्ध लढणाऱ्यांची मागणी समान नागरिकत्वाची होती. प्रत्येक तरुणाला डुकराचे मुंडके भिंतीवर टांगता यावे, ही ती मागणी नव्हे. त्यांच्या लढ्याचा आधार घेऊन दुर्बिणीची खरेदी समर्थनीय ठरवणे हा त्यांच्यावरील अन्याय आहे.

१६/ रत्नागिरीच्या बंदुकीचा इतिहास खरोखर जाणून घ्यायचा असेल, तर घरातील जुनी ट्रंक उघडा. आजोबा-पणजोबांचा पीकसंरक्षणाचा परवाना सापडेल. त्यावर बंदुकीचा प्रकार, दारू-काडतुसांची मर्यादा, नूतनीकरणाचे शिक्के असतील. व्यक्तीची नावे आणि क्रमांक झाकून त्याचे छायाचित्र इथे ठेवा, साल आणि तालुका लिहा. दहा-वीस परवाने एकत्र आले, तरी कोकणातील शेतकरी, सरकार आणि रान यांच्या नात्याविषयी आपल्याला काही ठोस बोलता येईल. हे काम कोणत्याही भिंगाच्या खरेदीपेक्षा मोलाचे आहे.