टोळी हलते, गोळी सुटते

दसरा-दिवाळी उरकली की तलवाड्याच्या आसपासच्या गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलतात. ट्रॅक्टरमध्ये धान्य, पत्र्याची पेटी, लेकरं चढतात. बीपीची गोळी सोबत घेतलीच, तर ती महिनाभराची. हंगाम मात्र पाच-सहा महिन्यांचा. औषध तुटतं ते इथेच, आणि हृदय निकामी होण्याची वाट इथूनच सुरू होते.

या आजारात हृदय बंद पडत नाही. त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटते, अंगात पाणी साठतं. संध्याकाळी पायावर सूज येते, बोटाने दाबलं की खड्डा राहतो. चार पावलं चालून धाप लागते. आडवं झालं की दम कोंडतो, माणूस मध्यरात्री उठून कोपीच्या दाराशी बसतो. याला थकवा म्हणतात, वय म्हणतात, आणि पुन्हा फडात उतरतात. वर्षानुवर्षांचा बीपी, मधुमेह, येऊन गेलेला झटका ही त्यामागची नेहमीची कारणं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण बायकाही यात सापडतात. त्यांचा आजार अनेकदा बाळंतपणातच उघड होतो.

मोळ्या वाहून कंबर धरली की दुखण्याची गोळी. सकाळी एक, रात्री एक, तीही किराणा दुकानातून. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवून ठेवतात, बीपी वाढवतात, मूत्रपिंडाला इजा करतात. कमजोर हृदयाच्या माणसाला त्या थेट दवाखान्यात पोचवू शकतात. त्यात ताटात भाजीऐवजी ठेचा आणि लोणचं, म्हणजे मीठ वेगळंच. याविषयी फडावर जाऊन कोण बोलतं?

भारतातल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत हृदय निकामी होऊन दाखल झालेल्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास निघालं, आणि 90 दिवसांत सुमारे 14 टक्के दगावले. पाश्चात्त्य देशांत हाच आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो. उपाय नाहीत असंही नाही. इकोने निदान होतं. हृदयाला आधार देणाऱ्या गोळ्या आयुष्य वाढवतात, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध पेटंट संपल्यापासून स्वस्त झालं आहे. पण सूज उतरली म्हणून गोळी सोडली, की आजार परततो.

म्हणून मागणी साधी आहे. टोळी हलण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रांनी गावोगाव बीपी-साखर तपासावी, धाप आणि सूज असलेल्यांना इकोसाठी पुढे पाठवावं, आणि हंगाम संपेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या नोंदवहीसह हातात द्याव्यात. कारखान्यावरच्या आरोग्य केंद्राने ती वही मानावी. उसासाठी वजनकाटा असतोच. माणसांसाठी एक साधा काटा कोप्यांजवळ ठेवणं कारखान्यांना जड नाही. हृदय कमजोर झालेल्या रुग्णाचं वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं, तर ती अंगात साठलेल्या पाण्याची खूण असते, आणि तेव्हाच डॉक्टर गाठला तर दाखल होणं टळू शकतं.

मुकादमांनी आणि घरच्यांनीही ऐकावं: झोपेतून धाप लागून उठणाऱ्याला उचल फिटायची आहे म्हणून फडात पाठवू नका. त्याला आधी दवाखान्यात न्या. दम कोंडलाच, तर रात्र उजाडायची वाट न बघता 108 ला फोन करा.