जाळी काढण्याआधी पाइप बघा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि आमच्यासारख्या छोट्या वाहतूकदारांच्या वहीत तीन नवे खर्च चढले: युरिया, काजळी अडवणारी जाळी, सेन्सर. भोपाळच्या मिसरोदला होशंगाबाद रोडवर आमचं ऑफिस आहे. गाड्या नवरा बघतो, दुरुस्तीची बिलं माझ्याकडे येतात. त्यामुळे कुठली दुरुस्ती करायची आणि कुठली नाही, हे मलाच ठरवावं लागतं. माझं मत पक्कं आहे. काजळी जिथे तयार होते तिथे आधी पैसे घाला, जिथे अडकते तिथे नंतर.

आमच्या दोन गाड्या एकाच मॉडेलच्या आहेत. एक नागपूरला जाते. माल भरून तासन्‌तास चालते, धूर चांगला तापतो आणि सायलेन्सरमधल्या जाळीत साचलेली काजळी वाटेतच जळते. दुसरी मंडीदीपच्या कारखान्यातून माल उचलते आणि ‘अकरा मैल’ नावाचं ठिकाण, मिसरोद असं करत गोविंदपुऱ्यात उतरवते. इंजिन नीट तापेपर्यंत गेट येतं, मग काट्यावरची रांग. जाळी साफ व्हायला धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. या फेऱ्यांत तो तापतच नाही. साहजिकच या गाडीचा जाळी भरल्याचा दिवा सारखा लागायचा. एका गॅरेजने जाळीच बदलायला सांगितली. त्याऐवजी आम्ही दोन्ही गाड्यांचे मार्ग अदलूनबदलून लावायला लागलो. त्याला एक पैसा लागला नाही.

तरीही दिवा अधूनमधून लागतच होता. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने केबिन उचलली आणि टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी पाइपावरून बोट फिरवलं. क्लॅम्पच्या खाली केसाएवढी चीर होती, भोवती तेलकट काळा डाग. तिथून हवा निसटत होती. इंजिनाला हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे काजळी जास्त. ती पुढे जाऊन जाळीत बसायची. पाइप बदलला आणि प्रश्न मिटला. त्या चिरेसकट नवी जाळी बसवली असती, तर तीही तशीच भरली असती.

म्हणून एअर फिल्टर, हवेचे पाइप, नोजल आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं इंजिन ऑइल यांत मी काटकसर करत नाही. ऑइलची राख जाळीत साचते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. त्यासाठी ठरलेल्या किलोमीटरला जाळी काढून साफ करून घ्यायची. हाही खर्च वसूल होतो.

युरियाच्या बाबतीत माझा कुणाशीच समझोता नाही. शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया, असं ते मिश्रण असतं. खताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओतणारे आहेत. त्या पाण्यातले क्षार नोजलवर आणि कॅटॅलिस्टवर बसतात, आणि लिटरमागे वाचवलेले रुपये एका झटक्यात जातात.

सगळ्यात वाईट सल्ला मात्र आपुलकीने दिला जातो. ‘भाभीजी, जाली निकाल देते हैं, युरिया भी बंद, झंझट ख़त्म.’ एक छोटी डबी जोडली की इंजिनाला वाटतं, सगळं ठीक चाललं आहे. बीएस-४ मध्ये जड इंजिनांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.४ वर आली. ही घट मुख्यतः युरियामुळे होते; तो बंद केला की ही सगळी कमाई गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. मिसरोदच्या चौकात तो धूर दुचाकीवरच्या शाळकरी पोरांच्या तोंडावर जातो. मी त्या डबीला पैसे देणार नाही.

जुन्या बीएस-३ गाडीचा हिशेब वेगळा. धूर काळा असेल तर नोजल-पंप करून घेते. निळा दिसू लागला की इंजिन ऑइल पितंय हे समजायचं, आणि ती गाडी थोडकी वर्षंच चालवायची असेल तर तिच्यात लाखभर ओतण्यापेक्षा भंगारात देणं बरं.

आता सरकारकडे एक मागणी. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे युरिया बंद केलेली गाडी आरामात पास होते आणि प्रामाणिकपणे युरिया भरणारा भाड्याच्या स्पर्धेत मागे पडतो. महागडी यंत्रं येतील तेव्हा येतील. तोवर फिटनेसच्या वेळी वर्षभराची युरियाची बिलं मागा आणि ती किलोमीटरशी ताडून बघा. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार ते सहा लिटर युरिया लागतो. ज्याची गाडी लाख किलोमीटर धावली आणि ज्याच्याकडे युरियाचं एकही बिल नाही, त्याला तिथेच थांबवा.