वल्हं हातातून गेलं तर...

मैत्रिणींनो, 'तारिणी' हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या कानावरून गेलं असेल. गोव्यात बांधलेली ही नौदलाची शिडाची बोट. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालून २१ मे २०१८ रोजी परत आल्या. हार-तुरे झाले, फोटो छापून आले. पण त्या प्रवासातल्या एका प्रसंगाची चर्चा फारशी झाली नाही. मला मात्र तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

केपटाऊनहून घराकडे येताना, एप्रिल २०१८ मध्ये, बोटीच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. वाटेतले ठरलेले चारही मुक्काम संपले होते, आता थेट गोवाच गाठायचं होतं. तरी या सहा जणी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराकडे वळल्या. दुरुस्ती झाली, मग पुन्हा निघाल्या. घर जवळ आलेलं असताना असं वाट वाकडी करून थांबणं सोपं नसतं हो! 'एवढं आलोय, आता रेटू या' असं आपण चूल-मूल सांभाळताना दिवसातून दहादा म्हणतो. समुद्रात ते चालत नाही.

'तारिणी' मोठी बोट. त्याहून कितीतरी छोटी, एकट्याने चालवायची 'सर्फस्की' नावाची एक होडी असते. लांबलचक, हातभर रुंद, हलकी. वर बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. पायाखाली सुकाणूची पेडल्स. खवळलेल्या पाण्यात हे वल्हंच मोडलं तर? वल्हं नुसतं पुढे जायला नसतं, तोल सावरायलाही तेच लागतं. ते गेलं की माणूस पाण्यात पडणार हे जवळजवळ ठरलेलंच. अशा वेळी किनारा समोर दिसतो आणि पोहत सुटावंसं वाटतं. पण जाणकार सांगतात, होडी सोडू नका. होडी तरंगते, लांबून दिसते, शोधणाऱ्याला सापडते. पाण्यात नुसतं डोकं दिसत नाही. म्हणून होडी आणि पाय यांना बांधणारी दोरी निघण्याआधीच अडकवलेली असते. वल्ह्याचा अर्धा तुकडा हाती असेल तर एका बाजूने मारत, दोन्ही पाय पाण्यात सोडून तोल धरत, वाऱ्याच्या कलाने तिरकं तिरकं काठाकडे यायचं. वाराच आत समुद्रात नेत असेल, तर दमून जाण्यापेक्षा लवकर मदत मागायची. आणि शेवटी लाटा फुटतात तिथे आपण होडी आणि किनारा यांच्यामध्ये यायचं नाही; होडी पुढे, आपण मागे. नाहीतर लाट तीच होडी अंगावर आणून आदळते.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्हाला कुठे असले खेळ खेळायचेत? खरंय. पण होडीत आपण बसतोच की! २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यात एक आई होती आणि तिची दोन लहान लेकरं. एक पोलीस अधिकारी तेवढे पोहत काठाला लागले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची, इंजिनाची चाचणी चाललेली स्पीडबोट ताबा सुटून आदळली आणि १५ जीव गेले. यात प्रवाशांचा काय दोष? पण पाण्यात पडल्यावर दोष कुणाचा हे पाणी बघत नाही.

भायखळ्याहून भाऊचा धक्का जवळच. मोरा, रेवस, मांडवा या बाजूला माहेर असलेल्या कितीतरी जणी आमच्या वस्तीत आहेत. लाँचमध्ये जॅकेट टांगलेली दिसतात, पण घालायची म्हटलं की नाकं मुरडली जातात. वास येतो, साडी चुरगळते, 'एवढ्याशा अंतराला कशाला!' बरं, घातलं तरी पट्टे मोकळेच. पट्टे न बांधलेलं जॅकेट पाण्यात वर सरकतं, तोंडापाशी येतं, निघूनही जातं. निऱ्या थोड्या वर खोचा, पदर कमरेला घट्ट बांधा, जॅकेट पदरावरून घाला आणि सगळे पट्टे आवळा. जॅकेटच्या आत तान्ह्याला गुंडाळून घेऊ नका, त्याला वेगळं लागतं. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून सहज निसटतं.

आणि पोहणं! मुलाला उन्हाळ्यात विहिरीवर पाठवतात, मुलीला मात्र 'लोक काय म्हणतील' म्हणून घरी ठेवतात. गावात तलाव असेल तर बायकांसाठी वेगळी वेळ मागा. दहा जणींनी मिळून अर्ज दिला तर नगरपालिकेला तो बाजूला सारणं जड जातं. चाळिशीतही अंग पाण्यावर टाकता येतं. सुरुवातीला तेवढंच शिकलं तरी पुष्कळ.

मे महिन्याच्या सुट्टीत लेकरांना घेऊन निघाल तेव्हा तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारा, लहान मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का? नसतील तर पुढची लाँच धरा. आभाळ भरून आलं असेल तर पुढचा दिवस.