केबिनला कशाला श्रेय?

बॉन ईव्हेरचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' कुणाला ऐकवायला जावं, तर गाण्याआधी त्याची कथाच सुरू होते. जस्टिन व्हर्नन, प्रेमभंग झालेला, बँड फुटलेला, वर आजारी. २००६ च्या हिवाळ्यात हा विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये जाऊन बसला, आणि तीनेक महिन्यांनी अल्बम घेऊनच बाहेर आला. ऐकणारा म्हणतो, "वॉव!" गाणं राहिलं बाजूला.

मला ह्या कथेचा मनापासून वैताग आलाय. खोटी आहे म्हणून नव्हे. पण ती ऐकून वाटतं, दुःख आणि थंडी एकत्र उकळली की गाणी होतात, चहासारखी. आमचा एक मित्र ब्रेकअपनंतर पानशेतला महिनाभर खोली घेणार होता, गिटारसकट. गिटार येते का? चार कॉर्ड्स. असो.

अहो, केबिनमध्ये जाण्याआधी हा माणूस वर्षानुवर्षं बँडमध्ये वाजवत होता! स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवून त्याने कोरस उभा केलाय. आपण ज्याला एकटेपणा म्हणून उसासे टाकतो तो एकाच माणसाचा घोळका आहे. हे रडत रडत होत नाही. तोच टेक पुन्हा पुन्हा ऐकून, पुसून, परत गाऊन होतं. रात्री दोनला बग शोधणाऱ्यांना तरी हे कळायला हवं. आणि 'फॉर एमा' गाण्यातले ट्रंपेट-ट्रॉम्बोन? ते दुसऱ्याच लोकांनी वाजवलेत. म्हणजे एकटाही नव्हता पूर्ण.

आता "शब्दच कळत नाहीत" ही तक्रार. बरोबर आहे, नाही कळत. त्याने आधी नुसत्या सुरावटी गायल्या, शब्दांशिवाय, आणि मग त्या ऐकत ऐकत शब्द शोधले. त्यामुळे ती कोण, काय झालं, चूक कुणाची, काही हाती लागत नाही. 'स्किनी लव्ह'मध्ये चिडचिड आहे, चांगलीच आहे, पण तिचा पत्ता मिळत नाही. नऊ गाणी, साधारण ३७ मिनिटं, आणि ऐकणाऱ्याला न्यायाधीश व्हायची सोयच नाही. लोकांना हा दोष वाटतो. मला वाटतं, ह्या अल्बमची सगळी सभ्यता ह्यातच आहे.

माझं ब्रेकअप झालं तेव्हा मी टपरीवर सहा जणांना तिचे मेसेज वाचून दाखवले होते. मोठ्याने, तारखांसकट. तेव्हा मला ते फार प्रामाणिक वगैरे वाटलं होतं. पोरांनी माझीच बाजू घेतली, अर्थात. चहा मीच पाजत होतो.

तिने ते मला लिहिले होते, टपरीला नाही. त्या सहापैकी दोघं तिला अजून ओळखतात.